रोखीची दाद

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. पोळा नुकताच झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. बेल्याच्या मुख्य रस्त्यावर मंडपाचे बांबू रोवणं चाललं होतं, डीजेवाल्यानं आवाज तपासायच्या निमित्तानं तेलुगू सिनेमातलं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं होतं, आणि माझ्या दुकानात शेवटच्या फवारणीचं औषध न्यायला आलेले शेतकरी एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. त्याच दिवशी तिकडे इंग्लंडात डेव्हिड गिल्मूरचा 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम बाजारात आला. पिंक फ्लॉइडचा हा गिटारवादक तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्याआधीचा त्याचा स्टुडिओ अल्बम, 'रॅटल दॅट लॉक', २०१५चा. नऊ वर्षांनी म्हातारा पुन्हा ऐकू येणार होता.

संध्याकाळपर्यंत होस्टेलच्या काळातल्या मित्रांचे निरोप यायला लागले. आता कोणी यवतमाळला प्राध्यापक आहे, कोणी हैदराबादेत नोकरीला, कोणी नागपुरात औषधांचा व्यापारी. एकानं नुसतं 'ऐकलं का?' एवढंच विचारलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'डोळ्यांत पाणी आलं राव.' तिसऱ्यानं लिहिलं, 'हात अजून तसाच आहे.' हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. 'तसाच आहे' ही दाद नेमकी कशाला असते? गाण्याला, की माणूस अजून हजर आहे याला? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं नवं काही केलं म्हणून आपण खूश होतो, की जुनंच केलं म्हणून?

हा प्रश्न बेल्यात बसून पडावा याचं कोणाला नवल वाटेल. आदिलाबादहून निघालेला रस्ता जैनथवरून बेल्याला येतो आणि पुढे कोरपना, गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरला जातो. उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. निजामाच्या काळात राजुरा आणि किनवट हे तालुकेसुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, ते दोन्ही तिकडे, आजच्या महाराष्ट्रात, गेले आणि आम्ही इकडे राहिलो. आधी आंध्र प्रदेशात, २ जून २०१४पासून तेलंगणात. त्यामुळे घरात मराठी, मंडल कार्यालयात तेलुगू, बाजारात दोन्ही, आणि रानाकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाशी थोडी गोंडी, असा आमचा दिवस जातो. कानांचंही तसंच आहे. एकाच सकाळी हरिपाठ, भीमगीत, तेलुगू सिनेमाचं गाणं आणि दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या दंडारी नाचाचा ढोल असं सगळं ऐकत इथला माणूस मोठा होतो. कानाला कुठल्याच आवाजाची भीती राहत नाही. फक्त रॉक संगीत वाजवणारं इथं कोणी नव्हतं, म्हणून ते बाहेरून आणावं लागलं.

गिटार मात्र रॉकच्या आधीच आली होती. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटं भरायला सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लावत. त्यातल्या कितीतरी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या असत. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं निवेदकाच्या तोंडून कानावर पडत आणि विसरली जात. पण तारेवरून सरकत जाणारा तो आवाज राहून जाई. १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, आणि त्यांच्या बरोबरीनं ब्रिजभूषण काब्रांची गिटारही आहे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. म्हणजे तिकडे इंग्लंडात गिल्मूर पिंक फ्लॉइडमध्ये यायचा होता त्या सुमारास इकडे गिटार आडवी ठेवून तिच्यातून राग काढून झाला होता. नागपूरच्या होस्टेलमध्ये एका रात्री कॅसेटवर 'द डार्क साइड ऑफ द मून' ऐकताना मला तो आवाज परका वाटला नाही, याचं श्रेय मी रेडिओच्या त्या रिकाम्या मिनिटांना देतो.

आता अल्बमाकडे. 'लक अँड स्ट्रेंज' हे नाव ज्या गाण्यावरून आलं, त्याचा पाया २००७ सालचा आहे. 'ऑन ॲन आयलंड' या अल्बमाचा २००६चा दौरा आटोपल्यावर गिल्मूरनं आपल्या घराजवळच्या कोठारात सोबत्यांना जमवलं आणि नुसतं मनाला येईल ते वाजवत बसले. त्यात पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८मध्ये, तो गेला. कोठारातलं ते वादन टेपवर राहिलं. सतरा वर्षांनी त्यावर गाणं उभं केलं गेलं, आणि मूळचं सुमारे चौदा मिनिटांचं वादनही अल्बमाबरोबर जोडून दिलं. बहुतेक गाण्यांचे शब्द गिल्मूरची बायको, लेखिका पॉली सॅमसन हिचे. मुलगी रोमनी एक गाणं गाते आणि हार्पही वाजवते. 'सिंग्ज' या गाण्यात जो नावाच्या मुलाचा, तो दोन वर्षांचा असतानाचा, आवाज आहे. बापाला 'गा' म्हणून सांगणारा. शेवटच्या 'स्कॅटर्ड'च्या शब्दांत दुसऱ्या मुलाचा, चार्लीचा हात आहे. करोनाच्या टाळेबंदीत हे कुटुंब घरात बसून लोकांसाठी गात होतं, लेनर्ड कोहेनची गाणी म्हणत होतं. त्या बैठकांतूनच बाप-लेकीचं हे जमलं. म्हातारपण, वेळ सरून जाणं, मागे राहणारी माणसं असे सगळे विषय. आपल्याकडच्या भजनी मंडळातल्या कोणालाही ते समजावून सांगायची गरज पडणार नाही.

माझ्या मित्रांना मात्र शब्दांशी फारसं देणंघेणं नव्हतं. ते वाट बघत होते ती गिटार एकटी सुटण्याची. गिल्मूरची खरी ओळख त्याच्या वेगात कधीच नव्हती. त्याच्या पिढीत त्याच्याहून चपळ बोटांची माणसं खूप झाली. त्याची ओळख एका स्वराकडे जाण्याच्या पद्धतीत आहे. इलेक्ट्रिक गिटारवर डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबून ती पट्टीवर आडवी ढकलतात. तार ताणली की स्वर वर चढतो. सतारीवर पडदे उंच आणि तार ओढायला जागा मोकळी, म्हणून एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. गिटारची पट्टी अरुंद, तिच्यावर तेवढी मुभा नसते, त्यामुळे बहुतेक वादक एखाद्या स्वरापुरती तार ढकलून सोडून देतात. गिल्मूर सोडत नाही. अनामिकेनं तार ढकलतो, मधलं बोट आणि तर्जनी तिच्यामागे आधाराला लावतो, स्वर हळूहळू वर नेतो, जिथं पोहोचायचं तिथं पोहोचल्यावर क्षणभर तसाच धरून ठेवतो आणि मग मनगटातून त्याला कंप देतो. आधी कंप आणि मग जागा, असं तो करत नाही; आधी जागा, मग कंप. कंप आल्यावर ऐकणाऱ्याला कळतं की स्वर बरोबर जागी लागला होता. 'कम्फर्टेबली नम'मधलं १९७९चं वादन याच कारणानं पाठ असणारी माणसं जगभर आहेत.

'स्कॅटर्ड'मध्ये तेच होतं. आधी साधी लाकडी गिटार बोलू लागते, मग तिचं बोलणं इलेक्ट्रिक गिटार उचलते आणि शेवटपर्यंत नेते. माझ्या यवतमाळच्या मित्राला पाणी आलं ते इथं. तो सांगत होता, ती पहिली लांब ओढलेली तार वर चढायला लागली तेव्हा ती कुठं जाऊन थांबणार हे त्याला आधीच माहीत होतं, आणि तरी थांबल्यावर छाती भरून आली.

त्याचं हे म्हणणं ऐकलं आणि मला माझा धंदा आठवला. माझं कृषी सेवा केंद्र. मृग लागला की बियाणं आणि खत न्यायला गर्दी होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक पैसे देत नाहीत. वहीत नाव लिहून माल नेतात. कापूस घरात आला, विकला, हातात पैसा आला की खातं मिटतं. हा व्यवहार ओळखीवर चालतो. ज्याचं खातं बापाच्या काळापासून आहे, त्याला पावती मागायची सुद्धा लाज वाटते. म्हाताऱ्या वादकाच्या श्रोत्यांचंही असंच खातं असतं. माझ्या मित्रानं त्या एका स्वराला दाद दिली ती त्या दिवशीच्या स्वराची किंमत म्हणून कुठं दिली? ती तीस वर्षांपासून वहीत चढत आलेली बाकी होती. होस्टेलची खोली, कॅसेट घासून गेलेली ती रात्र, ज्याच्याबरोबर ऐकली आणि जो आता नाही तो सोबती, असं सगळं एका स्वराच्या नावावर जमा झालं. वादकाला हे खातं माहीत असतं. म्हणूनच तो अर्धं वाक्य बोलून थांबू शकतो. उरलेलं अर्धं समोरचा भरून काढतो. अशा अल्बमाचा निम्मा भाग स्टुडिओत तयार होतो आणि निम्मा ऐकणाऱ्याच्या कानात.

शीर्षकगीतात तर हे उघडच आहे. त्यात वाजणारा राइटचा कीबोर्ड तसा शांत, बाजूला राहणारा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं त्याकडे लक्षही जाणार नाही. पण १९७५च्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'पासून त्या माणसाचा आवाज ज्याच्या कानात आहे, त्याला तो ओळखू येतो, आणि हा माणूस आता नाही हे आठवलं की तोच बाजूचा आवाज मध्यभागी येऊन बसतो. आवाज कोणी वाढवलेला नसतो. ते काम ऐकणारा करतो.

असं काम करणारे श्रोते मी रॉकच्या पुष्कळ आधी बघितले होते. आमच्या जिल्ह्यात राज गोंडांचे भाट म्हणजे परधान. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकानं १९४०च्या दशकात इथल्या गोंडांवर जे लिहिलं, त्यात परधानांबद्दलची एक गोष्ट मला फार लागते. त्यांची घरची भाषा मराठी, पण गायचं ते गोंडीत. घरात आमच्यासारखे बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या भाषेतली दुसऱ्याच्या कुळाची कथा सांभाळत आले. त्यांच्या हातात कीकरी असते. तीन तारांची, गजानं वाजवायची. गोंडांची कुळं चार, पाच, सहा आणि सात देवे अशा गटांत वाटलेली, आणि प्रत्येक कुळाचा परधान ठरलेला. पेर्सा पेन या कुळदैवताच्या पूजेला त्यानं यायचं, कुळ कुठून आलं, देव कुठं सापडला, ते गायचं. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत, पुष्य अमावास्येला, मेश्राम कुळाचे लोक जमतात तेव्हाही हा आवाज असतो.

एका दिवाळीत ओळखीच्या गोंड शेतकऱ्याच्या अंगणात मी असा एक म्हातारा परधान ऐकला. आवाज बसलेला, वरचा स्वर फुटत होता. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा, मग कीकरीवर तीच ओळ पुन्हा काढायचा. कधी कधी ओळ म्हणायचा कंटाळाच करायचा आणि नुसती कीकरी चालू ठेवायचा. मला वाटलं, दमला बिचारा. पण बाजूचे म्हातारे हलत नव्हते. त्यातल्या एकाचे ओठ हलत होते. कीकरीला जे शब्द नव्हते ते तो स्वतःशी म्हणत होता. वादकानं ओळ टाकली होती आणि श्रोत्यानं ती उचलून जागेवर ठेवली होती. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. थोड्या वेळानं घरच्या कर्त्यानं उठून त्याच्यापुढे पैसे ठेवले, बायकोनं सुपात धान्य आणलं. त्या अंगणात दाद म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

पण त्याच अंगणात दाराशी तीन-चार पोरं बसली होती. त्यांच्या हातात मोबाइल होते. ती अवमान करत नव्हती, उठूनही गेली नव्हती. फक्त त्यांच्या कानात कीकरीनं सोडलेली ओळ नव्हती. आजोबांना भरलेली दिसत होती ती जागा त्यांना रिकामी दिसत होती. वादक तोच, वाजवणं तेच, आणि दोन पिढ्यांना ऐकू येणाऱ्या वस्तू दोन.

हा पेच गिल्मूरला स्वतःलाही कळलेला दिसतो. या अल्बमासाठी त्यानं निर्माता म्हणून चार्ली अँड्र्यू या तरुण माणसाला घेतलं. अँड्र्यू ओळखला जायचा तो 'ऑल्ट-जे' या नव्या बँडच्या कामासाठी. पिंक फ्लॉइडचा इतिहास त्याला फारसा माहीत नव्हता आणि त्याचं त्याला दडपणही नव्हतं. गिल्मूरनं मुलाखतींत मोठ्या मजेनं सांगितलं आहे की या माणसानं त्याला विचारलं, या गाण्यात गिटारचं एकल वादन कशाला हवं? आणि सगळी गाणी अशी हळूहळू विरत का जातात, एखादं सरळ संपू शकत नाही का? पन्नास वर्षं जगानं ज्याच्या एकल वादनाची वाट बघितली, त्याला हे विचारायला एक तर अज्ञान लागतं, नाही तर धैर्य. म्हाताऱ्यानं त्याला हाकललं नाही. ज्याचं आपल्याकडे खातं नाही असा माणूस त्यानं मुद्दाम शेजारी बसवला.

त्याआधीही त्यानं एक गोष्ट केली होती. १९७०मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतलेली त्याची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार, जिच्यावर 'द डार्क साइड ऑफ द मून'पासून 'द वॉल'पर्यंतचं वाजवणं झालं, ती त्यानं जून २०१९मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात विकली. तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. तिच्याबरोबर त्याच्याकडच्या शंभराहून जास्त गिटारी गेल्या. दोन कोटी डॉलरांहून जास्त रक्कम जमली आणि ती त्यानं पर्यावरणासाठी कायद्याची लढाई लढणाऱ्या 'क्लायंट अर्थ' या संस्थेला देऊन टाकली. त्या काळ्या गिटारीवर लोकांचा जीव होता. वादकानं मात्र तिच्याशिवायही हात चालतो का हे बघायचं ठरवलं.

महाराष्ट्रात या गोष्टीला सर्वांत जवळ जाणारं उदाहरण शोधायचं तर मी मुंबईच्या 'इंडस क्रीड'चं नाव घेईन. १९८४च्या सुमाराला 'रॉक मशीन' या नावानं निघालेला हा बँड. उदय बेनेगल गायचा आणि गिटारवर महेश तिनईकर. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवण्याच्या काळात त्यांनी स्वतःची गाणी रचली, १९९०च्या दशकात एमटीव्हीवर त्यांचं 'प्रिटी चाइल्ड' गाजलं. १९९५ला 'इंडस क्रीड' नावाचा अल्बम आला आणि दोन वर्षांत बँड थांबला. २०१०ला ते पुन्हा जमले आणि २०१२ला 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला. मधे सतरा वर्षं गेलेली. आमच्या नागपूरच्या मित्रानं तो मागवला तेव्हा सगळ्यांनी आधी विचारलं ते हेच की जुन्यासारखं आहे का. नव्हतं. गिटार जास्त जड, गाणी जास्त लांब, सूर अधिक काळा. काहींनी तोंड वाकडं केलं. मला आज वाटतं, तिनईकरांनी तेव्हा जे केलं ते अवघड होतं. जुन्या खात्यावर सहज विकलं गेलं असतं असं काही त्यांनी दिलंच नाही. उधारीवर जगणारा श्रोता अशा वेळी रागावतो, कारण आपली बाकी बुडाली असं त्याला वाटतं.

गणपती बसल्यावर आदिलाबादला शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. वय एकोणीस. तेलुगू सिनेमाच्या गाण्यांत गिटार कुठं कशी येते हे त्याला तोंडपाठ आहे. थमन आणि देवी श्री प्रसाद यांच्यात श्रेष्ठ कोण यावर तो तासभर भांडू शकतो. पिंक फ्लॉइड हे नाव त्यानं मुलांच्या टी-शर्टावर वाचलं होतं, त्रिकोणातून निघणाऱ्या रंगांचं चित्र त्याच्या ओळखीचं होतं, संगीत ऐकलेलं नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावर तो बसला होता, मी त्याला अल्बम लावून दिला आणि काही बोललो नाही.

शीर्षकगीत त्यानं निम्म्यावर पुढं ढकललं. मला जीव तुटल्यासारखं झालं, पण गप्प राहिलो. मग 'व्हिटा ब्रेव्हिस' हा छोटासा तुकडा आला आणि त्याला लागूनच रोमनी गाते ते 'बिट्वीन टू पॉइंट्स'. हे गाणं मुळात 'द माँगोल्फिये ब्रदर्स' या फारशा न गाजलेल्या इंग्रजी जोडीचं. रोमनीचा आवाज त्यात भावना ओतत बसत नाही. ती सरळ, जवळजवळ बोलल्यासारखी गाते, आणि गिटार शेवटी येऊन तिचं म्हणणं पुढं नेते. भाच्यानं बोट उचललं ते परत ठेवलं नाही. गाणं संपल्यावर त्यानं ते पुन्हा लावलं.

"मामा, ही पोरगी कोन हाय?"

"त्या बुढ्याची पोरगी."

"अन् शेवटी गिटार?"

"बुढ्याची."

"बुढा मस्त हाय. मदात मदात येतच नाही. तिले गाऊ देते, मंग वाजवते."

मी त्याला विचारलं, शेवटची ती लांब ओढलेली तार कशी वाटली. तो म्हणाला, "चांगली हाय, पन तेच्यासाठी नाई लावलं म्या. तो थांबला होता ना, तेच्यासाठी लावलं."

आमच्यापैकी कोणी हे म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे गिटार कधी सुरू होते याकडे कान लावून बसलो होतो, म्हणून ती किती वेळ गप्प आहे हे आम्हाला ऐकूच आलं नाही. त्या पोराच्या कानात १९७९ नव्हतं, राइटचा मृत्यू नव्हता, लिलावात गेलेली काळी गिटार नव्हती. त्याच्यापुढे एक गाणं होतं आणि ते गाणाऱ्या मुलीच्या मागे सावरून उभा असलेला एक वादक. त्याला जे आवडलं त्याची किंमत त्यानं तिथल्या तिथे मोजली, जे आवडलं नाही ते बोटानं पुढं सरकवलं. ही रोखीची दाद. तिच्यात वादकाला सूट नाही आणि श्रोत्यावर उपकार नाही.

गिल्मूरनं या अल्बमाबद्दल म्हटलं होतं की १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'नंतर त्यानं केलेलं हे सर्वोत्तम काम आहे. माझ्या मित्रांत यावर बरंच रण माजलं. 'विश यू वर हियर' विसरला का, 'ॲनिमल्स' कुठं गेला, म्हातारा माल खपवतोय, असं सगळं बोलून झालं. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्याच आठवड्यात यादीच्या माथ्यावर गेला, आणि त्याचे आधीचे दोन एकल अल्बमही तिथं पोहोचले होते. पण पहिल्या आठवड्यातली खरेदी बहुतेक जुन्या खातेदारांची असते. त्यानं केलेला दावा खरा की खोटा, याचा निकाल त्यांच्याकडून लागणं कठीण आहे, कारण 'डार्क साइड' त्यांच्या नुसता कानात नसतो; तो त्यांच्या विशीत असतो, आणि विशीशी कुठला अल्बम बरोबरी करणार? तो निकाल माझ्या भाच्यासारख्यांनी द्यायचा, ज्यांच्यापुढे दोन्ही अल्बम एकाच दुपारी, एकाच फोनवर, सारख्याच किमतीत उभे आहेत.

याचा अर्थ माझ्या मित्राचे डोळे खोटे भरून आले असा मी काढणार नाही. उधारीचा व्यवहार नसता तर आमच्या मंडलात एक एकर कापूस पेरला गेला नसता. कोणीतरी कोणावर तरी विश्वास ठेवून वर्षभर थांबतं म्हणून बी मातीत पडतं. श्रोत्यांनी नऊ वर्षं वाट बघितली म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला स्टुडिओत पाच महिने घालवावेसे वाटले. कीकरीवर टाकलेली ओळ ज्याच्या ओठांवर आपोआप येते त्या म्हाताऱ्या गोंडामुळेच परधान बसलेल्या आवाजानं गाऊ शकतो. कला जिवंत ठेवणारी पहिली माणसं हीच असतात.

पण उधारीला एक मर्यादा आहे आणि दुकानदाराला ती विसरता येत नाही. खातेदार गेला की खातं बुडतं. माझ्या पिढीनं गिल्मूरच्या नावावर जे जमा केलं आहे ते आमच्याबरोबर संपणार आहे. ते मुलांच्या नावावर चढवता येत नाही. भाच्याला बसवून, गोष्टी सांगून, 'इथं लक्ष दे, इथं रडायचं असतं' असं शिकवून ते होत नाही. तसं केलं तर तो नम्रपणे ऐकेल आणि घरी जाऊन थमन लावेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. कीकरीचंही हेच. नुसत्या आदरानं ती वाचायची नाही. अंगणाच्या दाराशी बसलेल्या त्या पोरांपैकी एखाद्यानं एखाद्या रात्री मोबाइल खाली ठेवून म्हणायला पाहिजे की हा तुकडा पुन्हा वाजवा. बाकी सगळं ऐकलं नाही तरी चालेल.

भाचा जाताना त्या अल्बमातलं ते एकच गाणं फोनवर उतरवून घेऊन गेला. उरलेली आठ गाणी त्यानं इथंच सोडली. मित्रांना मी हे कळवलं तेव्हा यवतमाळच्या प्राध्यापकाला फार वाईट वाटलं. अख्खा अल्बम, शेवटचं 'स्कॅटर्ड', सगळं वाया गेलं म्हणाला. मी त्याला लिहिलं, पिंक फ्लॉइडचं नाव न घेता विकला गेलेला हा गिल्मूरचा आमच्या गावातला पहिला माल आहे, आणि पैसे पूर्ण मिळाले आहेत.